आईकडे परत नेलेला मुलगा: रत्नागिरी किनाऱ्यावरील एका किशोराचे प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातील एका मच्छीमार वस्तीतल्या चौदा वर्षांच्या मुलाचे आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही, आणि काही तपशील याच किनाऱ्यावरील दुसऱ्या घरांतून घेऊन जोडले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये आई त्याला मुख्याध्यापकांची चिठ्ठी घेऊन तालुक्याच्या रुग्णालयातील किशोरवयीनांच्या बाह्यरुग्ण विभागात आली. नववीतला हा मुलगा वर्गात बाक उलटे करतो, शिक्षकांच्या अंगावर धावून जातो, त्याने दोन मुलांना रक्त येईपर्यंत मारले आहे, शेजारच्या दुकानाच्या गल्ल्यातून पैसे उचलले आहेत आणि रात्री घरातून निघून तो जेटीवर बांधलेल्या होड्यांत झोपतो, असे त्या चिठ्ठीत लिहिले होते. चिठ्ठीत नसलेली एक गोष्ट आईने मुलाला बाहेर बसवून सांगितली. त्याच्या डाव्या हातावर ब्लेडने ओळीने ओढलेल्या रेघा होत्या आणि म्हणून तो उकाड्यातही लांब बाह्यांचा शर्ट काढत नव्हता.

येथवर येईपर्यंत प्रत्येकाने आपापले कारण ठरवून टाकले होते. शाळेच्या मते दोष मोबाइलचा आणि वाईट संगतीचा होता, वडिलांच्या मते मार कमी पडला होता, मामाच्या मते वयच तसे होते आणि चार वर्षांत सगळे निवळणार होते. भावकीने ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणेही घालून घेतले होते. त्यात गैर काही नव्हते, उलट घर अजून मुलाच्या बाजूने उभे आहे एवढे त्यातून कळले. लहानपणाविषयी विचारल्यावर मात्र आई एकाच वाक्यात उत्तर देऊन थांबली: “तेव्हा त्याने काही त्रासच दिला नाही हो.” पुढचे सगळे काम या वाक्याभोवती झाले.

तपासणीत प्रथम शारीरिक आणि शैक्षणिक कारणे वगळली. ऐकणे, पाहणे, झटके, थायरॉइड यांत काही आढळले नाही. वाचन-लेखन इयत्तेपेक्षा थोडे मागे होते, पण अध्ययन अक्षमता ठरावी इतके नव्हते. बुद्धी सर्वसाधारण होती, आणि होडीचे इंजिन उघडून जोडताना तो दीड-दोन तास एकाग्र राहत असे, त्यामुळे अवधानाचा मूळ विकार असल्याची शंका टिकली नाही. गुटखा तो अधूनमधून खात होता. लैंगिक छळाविषयी त्याला एकट्याला, घाई न करता विचारले, आणि तसे काही घडल्याचे तेव्हा किंवा नंतरही पुढे आले नाही. जगण्याचा कंटाळा येतो का, यावर तो म्हणाला की मरायचे नाही, पण आत काहीतरी गच्च होते ते कापल्यावर सुटते. हे उत्तर गंभीरपणे घ्यायचे असते. मरणाची इच्छा नाही म्हणून अशा जखमांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे, कारण स्वतःला इजा करणाऱ्या किशोरांत पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

शाळेची वही आणि समुद्राचे दिवस

शाळेने प्रत्येक प्रसंगाची तारीख लिहून ठेवली होती, आणि त्या वहीने मोठी मदत केली. तारखा एका कागदावर मांडून घरातल्या घडामोडी त्यांच्याशेजारी लिहिल्या, तेव्हा असे दिसले की प्रसंग वर्षभर सारखे विखुरलेले नाहीत. राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत ट्रॉलरवर खलाशी असलेले वडील घरी असत, आणि त्या काळात वहीत जूनमधला केवळ एक किरकोळ प्रसंग होता. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात वडील बोटीवर गेले आणि पहिला बाक उलटला. गणपतीत मुंबईहून मामा आला, पलीकडच्या वाडीतले आजीचे बंद घर उघडले, पाच दिवस माणसांनी भरले, आणि गौरी-गणपती विसर्जनानंतर पुन्हा कुलूप लागले. त्यानंतरच्या दोन दिवसांत दोन्ही मारहाणी झाल्या. डिसेंबरमध्ये गणिताच्या बाईंची बदली झाली. याच बाई त्याला मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेची किल्ली देत असत. हातावरच्या पहिल्या रेघा त्या आठवड्यातल्या होत्या.

म्हणजे कोणीतरी निघून गेले की दोन-चार दिवसांत प्रसंग घडत होता. मुलाला स्वतःला हे माहीत नव्हते. त्याला कागद दाखवला तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने पेन घेऊन शाळेला ठाऊक नसलेल्या होडीत झोपण्याच्या दोन रात्री त्यात भरल्या. त्याही वडील फेरीवर निघाले त्याच रात्रींच्या होत्या.

पहिली चार वर्षे

यानंतर आईला एकटीला बोलावले आणि जन्मापासूनचे सगळे सावकाश विचारले. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ किनाऱ्यावर आले तेव्हा ती वीस वर्षांची होती, आठवा महिना चालू होता आणि नवरा समुद्रात होता. त्याची बोट दोन दिवसांनी लागली. त्याच आठवड्यात हा मुलगा जन्मला, वजन १,७०० ग्रॅम. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी तीन आठवडे काचेच्या पेटीत ठेवावे लागले. घरी आल्यावर बाळ दूध नीट ओढत नसे. आई रात्र रात्र भिंतीकडे तोंड करून पडून असे, जेवत नसे, बाळ रडले तरी उठावेसे वाटत नसे. हे प्रसूतीनंतरचे नैराश्य होते. घरात त्याला “बाळंतिणीला वारं लागलं” असे म्हटले गेले आणि बाळ हळूहळू आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, हाती गेले. अंगणवाडीच्या कार्डावर त्याचे वजन नियमित लिहिलेले आहे आणि वजन सुधारत गेलेले दिसते. बाळाला कोण भरवते, ते कोणाजवळ झोपते, आई हसते का, याची त्या कार्डावर नोंद नव्हती.

फयाननंतर वडिलांनी पुन्हा समुद्रात जायचे नाही असे ठरवले आणि नालासोपाऱ्यातल्या एका गोदामात नोकरी धरली. बाळ नऊ महिन्यांचे असताना आईही तिकडे गेली. तिथल्या भाड्याच्या खोलीत आणखी दोन कुटुंबे राहत होती आणि तान्हे मूल ठेवण्याजोगी परिस्थिती नव्हती, हे खरेच होते. पुढची पावणेतीन वर्षे मुलगा आजीपाशी वाढला. आजीला तो “आये” म्हणे. मे महिन्याच्या सुट्टीत आणि गणपतीत येणाऱ्या आईला तो मामाचे ऐकून “ताय” म्हणे. या वर्षांतल्या त्याच्या खाण्यापिण्याच्या, खोड्यांच्या, बोलू लागण्याच्या ज्या गोष्टी आईने सांगितल्या त्या सगळ्या तिने आजीकडून ऐकलेल्या होत्या, आणि त्या एका धडधाकट, आनंदी, हट्टी मुलाच्या होत्या.

मे २०१३ च्या अखेरीस त्याला बालवर्गात घालण्यासाठी नालासोपाऱ्याला न्यायचे ठरले. मूल रडेल म्हणून त्याला आधी काही सांगितले नाही. निघायच्या वेळी आजीला परसात पाठवले, झोपलेल्या मुलाला उचलून गाडीत ठेवले, आणि तो जागा झाला तेव्हा गाडी चिपळूणच्या पुढे गेली होती. दोन दिवस तो दाराशी बसून ओरडत राहिला. मग आठवडाभर गप्प होता. त्यानंतर सांगितले ते करू लागला, दिले ते खाऊ लागला, आजीचे नाव काढेनासा झाला. “शहाणा झाला,” असे सगळे म्हणाले. त्याच महिन्यांत तो पुन्हा अंथरूण ओले करू लागला, उशीखाली बिस्किटे आणि पोळीचे तुकडे साठवू लागला आणि बालवर्गात दोन मुलांना चावला. त्यावर वडिलांनी पट्टा काढला. गणपतीत गावी नेल्यावर तो आजीजवळ गेला नाही, खांबाआड उभा राहिला. आजी त्या दिवशी जेवली नाही.

पुढचे थोडक्यात सांगण्याजोगे आहे. सहाव्या वर्षी त्याला बहीण झाली. जुलै २०१९ मध्ये आजी वारली तेव्हा शाळा बुडू नये म्हणून त्याला शेजाऱ्यांकडे ठेवले आणि आजी आजारी आहे असे सांगितले. टाळेबंदीत वडिलांची नोकरी गेली, कुटुंब गावी परतले, चौदा दिवस गावातल्या शाळेत विलगीकरणात राहिले, आणि बाहेर पडल्यावर मुलगा सरळ आजीच्या घराकडे गेला तो दाराला कुलूप होते. आजी गेल्याचे त्याला तिथे, वाटेवरच्या एका बाईकडून कळले. ज्या समुद्राची वडिलांनी धास्ती घेतली होती, त्याच समुद्रावर त्यांना नाइलाजाने परत जावे लागले.

या इतिहासाचा अर्थ

कोकणात आजीकडे वाढणे ही काही आपत्ती नाही. चाकरमान्यांच्या पिढ्यान् पिढ्या आजीच्या हाताखाली वाढल्या, आणि त्यांतले बहुतेक लोक धडपणे जगले. म्हणून “आईने टाकले म्हणून मूल बिघडले” हा निष्कर्ष या प्रकरणात चुकीचा आहे आणि तो त्या आईवर अन्याय करणारा आहे. नऊ महिन्यांनंतर या मुलाला एक स्थिर, प्रेमळ, रोज तीच असलेली व्यक्ती मिळाली होती. हानी झाली ती त्या व्यक्तीपासून त्याला एका रात्रीत तोडले तेव्हा. मोठ्यांच्या दृष्टीने मूल आईकडे परत जात होते. मुलाच्या दृष्टीने त्याची आये नाहीशी झाली होती आणि तो ओळखीच्या पण परक्या बाईबरोबर राहत होता. घरात कोणालाच हे दुःख दिसले नाही, कारण त्यांच्या लेखी ती आनंदाची गोष्ट होती.

लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९४८ पासून रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले आणि तीन टप्पे नोंदवले: आधी आक्रोश, मग हताशा, मग अलिप्तता. तिसऱ्या टप्प्यातले मूल खाते, खेळते, कुणाच्याही हाताला धरून जाते आणि भेटायला आलेल्या आईकडे पाठ फिरवते. परिचारिका त्याला “रुळले” असे म्हणत. प्रत्यक्षात मुलाने आशा सोडलेली असे. अशा निरीक्षणांमुळे १९५९ च्या प्लॅट अहवालाने, म्हणजे रुग्णालयातील मुलांविषयीच्या सरकारी समितीच्या अहवालाने, ब्रिटनमधील रुग्णालयांनी आईबापांना मुलांजवळ येऊ द्यावे अशी शिफारस केली. नालासोपाऱ्यातल्या खोलीत ओरडण्यापासून शहाणा होण्यापर्यंत जे घडले ते याच क्रमाने घडले, आणि आईने सांगितलेले “त्रासच दिला नाही” हे त्या तिसऱ्या टप्प्याचे वर्णन होते.

रॉबर्टसन यांचे सहकारी, मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये चोरीच्या सवयीच्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांतल्या भावनाशून्य वाटणाऱ्या १४ मुलांपैकी १२ जण लहानपणी दीर्घकाळ आईपासून दूर राहिले होते, उरलेल्या ३० पैकी केवळ ५. हा अभ्यास लहान होता आणि मुलांची माहिती मागे वळून, स्वतः बोल्बी यांनीच गोळा केली होती, त्यामुळे त्याच्या आकड्यांवर फार भार टाकता येत नाही. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये त्यात महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. जवळची व्यक्ती कधीच न मिळणे आणि मिळून हरवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वियोगापेक्षा त्याच्या आधी व नंतर घरात काय चालते यावर परिणाम अधिक ठरतो. आमच्या मते या मुलाचे प्रकरण रटर यांच्या मांडणीने जास्त नीट उलगडते. आजी हरवल्यावर त्याला जवळ घेऊन “तुला आयेची आठवण येते ना” असे कोणी म्हटले असते, तर तो इतका एकटा पडला नसता. त्याला पट्टा मिळाला.

वयाचाही प्रश्न आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड त्रांब्ले यांच्या दीर्घकालीन अभ्यासांतून असे दिसले की मारणे, चावणे, ढकलणे हे माणसाच्या आयुष्यात दोन-तीन वर्षांच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि नंतर कमी होत जाते. मूल मारायला शिकत नाही, न मारायला शिकते, आणि ते शिक्षण ज्याच्या मांडीवर शांत होता येते अशा माणसाकडून मिळते. मूल आधी दुसऱ्याच्या आधाराने शांत होते आणि पुष्कळदा तसे झाल्यावर स्वतः शांत होऊ लागते. या मुलाचे शिकणे अर्ध्यावर असताना शिकवणारी व्यक्ती गेली. साडेतीन वर्षांआधीचे प्रसंग त्याला आठवत नाहीत, परंतु “माणसे न सांगता जातात” हा धडा त्याच्या शरीरात पक्का बसला, आणि कोणी निघाले की हृदय धडधडणे, मुठी आवळणे, झोप उडणे हे विचाराआधी सुरू होते.

मामाचे म्हणणे, म्हणजे वयाबरोबर निवळेल हे, येथे लागू पडत नव्हते. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये बेशिस्त वर्तनाचे दोन मार्ग मांडले: एक बालपणीच सुरू होऊन टिकणारा, दुसरा किशोरवयात उगवून ओसरणारा. ज्याने चौथ्या वर्षी चावे घेतले त्याची वाट पाहत बसणे योग्य नव्हते.

निदानाबाबत मतभेद झाले. एका डॉक्टरांनी “आचरण विकार”, म्हणजे सतत नियम मोडण्याचे आणि इतरांना इजा करण्याचे वर्तन, असे लिहिले होते, आणि लक्षणे मोजली तर ते जवळपास बसतही होते. परंतु त्या शब्दाने शाळेला एवढेच कळले असते की मुलगा वाईट आहे. बंधाचा प्रतिक्रियात्मक विकार, म्हणजे मूल कोणाही मोठ्या माणसाशी जवळीक जोडू न शकणे, म्हणावे तर त्यासाठी संगोपनात टोकाची उणीव लागते, आणि आजीने केलेल्या संगोपनाला तसे म्हणणे खोटे ठरले असते. शेवटी मध्यम नैराश्य, स्वतःला इजा करणे आणि न झालेला शोक असे लिहिले, आणि वर्तनाच्या तक्रारी त्याखाली घेतल्या. एक शंका मात्र कागदावर तशीच ठेवली आहे. ऑगस्टमधल्या प्रसंगांत आजीच्या वियोगाचा वाटा किती आणि फयानची कथा ऐकत वाढलेल्या मुलाला बापाच्या जिवाची वाटणारी भीती किती, हे वेगळे करता आले नाही.

काय केले

आधी सुरक्षितता पाहिली. ब्लेड, कीटकनाशक आणि आजीच्या काळच्या गोळ्या घराबाहेर काढल्या, रात्री-अपरात्री बोलण्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मुलाच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये घातला, आणि गच्च व्हायला लागले की काय करायचे हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिले. त्यात जेटीवर जाणे होते. ते आम्ही काढले नाही. सोबत काकाने जायचे एवढे ठरवले.

सर्वांत अवघड भेट आईची होती. हे सगळे आपल्यामुळे झाले असे ऐकायला मिळणार या तयारीने ती आली होती. तिला प्रथम तिच्या स्वतःच्या आजाराचे नाव सांगितले, चौदा वर्षांनी. मग ती म्हणाली की मूल आपल्याला ताय म्हणते म्हणून तिला आपल्याच आईचा राग येत असे आणि म्हणूनच तिने आजीचे फोन कमी केले होते. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी केलेला अभ्यास तिला सोप्या शब्दांत सांगितला. त्यात अतिशय खडतर परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली, आणि अशा मुलांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचे, मायेचे माणूस असल्याचे आढळले. तिच्या आईने मुलाला ती पावणेतीन वर्षे दिली होती. ती वाया गेलेली नव्हती, मुलगा आज इतका तुटतो तो तेव्हा जोडला गेला होता म्हणूनच, हे तिला पटायला काही भेटी लागल्या.

वडिलांशी बोलणे बंदीच्या काळात, जूनमध्ये झाले. पहाटे तीनला मुलगा झोपलेला असताना निघायचे, ही त्यांची सवय होती आणि त्यात त्यांना मुलावरची माया दिसत असे. ती बदलली. आता आदल्या रात्री किती दिवसांची फेरी आहे ते सांगायचे, मुलाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करायची, निघताना त्याला उठवायचे आणि बोट मोबाइलच्या टप्प्यात आली की पहिला फोन त्याला करायचा. मारणे थांबवण्याचा शब्द त्यांनी दिला. तो त्यांनी एकदा मोडला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन तसे सांगितले.

शाळेत प्रसंग झाला की मुलाला आठ दिवस घरी बसवत असत. ज्याच्या दुखण्याचे मूळच दूर केले जाण्यात आहे त्याला पुन्हा दूर करणे थांबवावे, अशी विनंती मुख्याध्यापकांना केली. त्यांनी ती मान्य केली आणि कार्यशाळेच्या शिक्षकांनी रोज सकाळी पाच मिनिटे त्याच्याशी बोलायचे ठरवले. आपण रजेवर असू तेव्हा आदल्या दिवशी ते त्याला सांगतात.

आजीचा शोक राहून गेला होता. पितृपक्षात मामा म्हाळ घालायला आला तेव्हा मुलाला बरोबर घेतले, आजीच्या नावाचे पान त्याने ठेवले, आणि परसातली ती जागा दाखवून आईने त्याला २०१३ ची ती रात्र पहिल्यांदा सांगितली. तो चिडला. “मला उठवलं का नाही,” असे विचारत त्याने हांडा लाथाडला, आणि मग रडला. घरच्यांना ही अधोगती वाटली. आम्हाला ती अकरा वर्षे अडकलेली शोकाची पहिली पायरी वाटली.

ऑगस्ट २०२४ मध्ये वडील बोटीवर गेल्यावर शाळेत एकच प्रसंग घडला, कोणाला मारले नाही. हातावर नव्या रेघा एप्रिलनंतर नाहीत. दुकानातली चोरी बंद झाली, पण घरातून खाण्याच्या वस्तू नेऊन दप्तरात साठवणे चालूच आहे आणि त्याबद्दल सध्या कोणी काही बोलत नाही. बहिणीशी त्याचे जमत नाही. ती आईच्या कुशीत जाते तेव्हा तो उठून बाहेर जातो, आणि यावर अजून काम झालेले नाही.

दहावीनंतर त्याला डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करायचा आहे आणि त्यासाठी रत्नागिरीत वसतिगृहात राहावे लागेल. म्हणजे आणखी एक निघणे आहे, मात्र या वेळी निघणारा तो आहे. प्रवेशाआधी वडिलांबरोबर जाऊन खोली पाहून यायची, पहिले दोन महिने दर शनिवारी घरी यायचे, कार्यशाळेच्या शिक्षकांशी फोन चालू ठेवायचा आणि रत्नागिरीतल्या समुपदेशकांची भेट जूनपूर्वीच घालून द्यायची, असे ठरले आहे. निघण्याचा दिवस मुलाने ठरवायचा आहे.